सासरे, मी आणि म्यूटचं बटण

स्वतःचीच टर उडवणारे पोलीस-जोडीचे पिक्चर हा माझा वीक पॉइंट आहे, पण ते सासऱ्यांसोबत बघू नयेत आणि सासरे रिटायर्ड फौजदार असतील तर नाहीच नाही. परवा घरातल्या बायका बारशाला गेल्या आणि हे म्हणाले, "जावईबापू, लावा की तुमचा तो इंग्रजी पोलीसवाला." लावला '२१ जंप स्ट्रीट', २०१२ चा.

आता हा पिक्चर १९८७ च्या टीव्ही सिरियलवरून काढलेला आणि त्यातलाच एक साहेब सुरुवातीला तोंडावर सांगतो की वरच्यांना नवीन काही सुचत नाहीये म्हणून ऐंशीच्या काळातली, पोलिसांना विद्यार्थी बनवून शाळेत घुसवायची स्कीम परत काढलीये. म्हणजे पिक्चरनेच आरोपीसारखा आधी कबुलीजबाब दिला, आता मारणार कुणाला! मी खो खो हसलो, सासरे गंभीर. "खरंय, आमच्याकडे पण दर नवा साहेब हेच करायचा."

मग हिरो चॅनिंग टेटम एका आरोपीला पकडतो पण अटक करताना त्याला त्याचे हक्क वाचून दाखवायचे तेच पाठ नाहीत, म्हणून आरोपी सुटतो. "पंचनामा?" म्हटलं, अमेरिकेत तसं नसतं. "पंचच नाहीत?" इथे पिक्चर पॉज, दहा मिनिटं पंच.

पाठलागात पेट्रोलचा टँकर धडकतो, आता फुटणार म्हणून हिरोपण वाट बघतायत, काहीच होत नाही आणि नंतर फुटतो तो कोंबड्यांचा ट्रक.

"कोंबड्या कशा फुटतील?"

"बाबा, तोच जोक आहे, बाकी सगळ्या पिक्चरमध्ये टँकर फुटतो ना, म्हणून इथे..."

"भरपाई कोण देणार?"

वर आइस क्यूब नावाचा रॅपर कॅप्टन झालाय आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात शिवी, त्यामुळे माझा अंगठा कायम म्यूटवर. एक सुटलीच. मी घामाघूम, सासरे पहिल्यांदा खूश. "हा साहेब तेवढा ओरिजिनल वाटतो. आवाज वाढवा."

मग हट्टाने दुसरा भाग, २०१४ चा, ज्यात सांगतातच की मागच्या वेळी केलं तेच डिट्टो करा, फक्त पैसा जास्त लावलाय. शेवटी पुढच्या भागांची खोटी पोस्टरं येतात, मेडिकल कॉलेज, कुकिंग स्कूल, करत करत पार अंतराळात. मी सोफ्यावर लोळतोय, बाहेर लिफ्टचा आवाज, बायका आल्या.

सासरे चष्मा पुसत म्हणाले, "तो डॉक्टरवाला लावा आता."