विलासराव "एकबी निवडणूक हरले नाहीत" हे खोटंय
व्हाट्सअपवर फिरतंय की विलासराव देशमुख आयुष्यात एकबी निवडणूक हरले नाहीत. चुकीचं आहे ते. बाभळगावचे सरपंच होते, मग लातूरमधून १९८०, ८५, ९० असे सलग तीनदा आमदार झाले हे खरंय, पण १९९५ ला त्याच लातूरात जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी पाडलं त्यांना, आन् पुढं विधानपरिषदेलाबी अर्ध्या मतानं हरले (तिथं पसंतीक्रमानं मोजतात, म्हणून अर्धं मत). १९९९ ला परत निवडून आले आन् थेट मुख्यमंत्री झाले. फॉरवर्ड करणाऱ्यानं साहेबांचा मोठेपणा दाखवायच्या नादात हा कमबॅकच खाऊन टाकलाय राव.