‘नुसता आवाजच तर होतो’ म्हणणाऱ्या मेसेजला

परवा घरच्या ग्रुपवर भाच्याने एक मेसेज ढकलला. ‘टीव्हीवरच्या बंदुकांचा बागुलबुवा करणाऱ्यांना सडेतोड उत्तर’, खाली मुद्दे, शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हा पोरगा कॉलेजच्या एकांकिकेत काम करतोय, शेवटच्या प्रवेशात पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावतो, आणि त्यासाठी कुणीतरी शर्यतीच्या वेळी वाजवतात ते पिस्तूल पैदा केलंय. त्यामुळे वाचावं लागलं.

मुद्दा पहिला : ‘ब्लँकमध्ये गोळी नसते, नुसता आवाज होतो. दिवाळीच्या टिकल्याच समजा.’

ब्लँक म्हणजे शूटिंगसाठी वापरतात ते बिनगोळीचं काडतूस. गोळी नसते, एवढंच खरं. दारू असते, आणि ती अस्सल असते. ती सांडू नये म्हणून वरून कागदाचं किंवा प्लास्टिकचं बूच बसवतात, नाहीतर काडतुसाचं तोंडच दाबून बंद करतात. चाप ओढला की तापलेला वायू नळीतून सुटतो आणि बूच असेल तर तेही. लांब जाईपर्यंत त्याचा जोर मरतो. नळी कातडीलाच टेकवली तर जोर मरणार कुठे?

12 ऑक्टोबर 1984. अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या ‘कव्हर अप’ मालिकेचं शूटिंग चालू होतं. नायक जॉन-एरिक हेक्सम, वय 26. काम रखडलेलं, पठ्ठ्या कंटाळलेला. हाताशी .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर, आत ब्लँक. गंमत म्हणून त्याने ते कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. बुचाच्या दणक्याने कवटीचा नाण्याएवढा तुकडा मोडून मेंदूत घुसला. सहा दिवसांनी डॉक्टरांनी त्याला मेंदूमृत जाहीर केलं. त्याचं हृदय दुसऱ्या कुणाला तरी बसवलं. आमच्या भाच्याच्या शेवटच्या प्रवेशात पिस्तूल नेमकं त्याच जागी टेकतं. आता टिकल्या म्हणून दाखवा.

मुद्दा दुसरा : ‘डेरन ब्राउनने 2003 मध्ये टीव्हीवर रशियन रूलेट खेळून दाखवलं. नंतर पोलिसच म्हणाले, खरी गोळी नव्हतीच. म्हणजे धोका शून्य.’

रशियन रूलेट म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये एकच गोळी भरायची, चक्री फिरवायची आणि स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढायचा. हा खेळ झाला त्या जर्सी बेटाच्या पोलिसांनी तसं सांगितलं होतं, हे नाइलाजाने मान्य. धोका कुणालाच नव्हता, असंही ते म्हणाले होते. पण ते एका पट्टीच्या जादूगाराने आखून केलेल्या एका खेळाबद्दल. ‘त्या दिवशी खरी गोळी नव्हती’ यावरून ‘ब्लँक डोक्याला लावायला हरकत नाही’ हे कसं निघतं? आणि पट्टीचेही चुकतात. चुंग लिंग सू या नावाने खेळ करणारा विल्यम रॉबिन्सन 1918 साली लंडनच्या रंगमंचावर गोळी झेलण्याचा खेळ करत होता. बंदुकीतली युक्ती बिघडली, खरीच गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

मुद्दा तिसरा : ‘ब्रँडन लीचा अपघात नव्हता, शाप होता.’ शापाचं मला ठाऊक नाही. 1993 मध्ये ‘द क्रो’ सिनेमाच्या शूटिंगमध्ये या नटाचा जीव गेला तो असा : आधीच्या एका दृश्यात वापरलेल्या नकली (दारू काढलेल्या, पण गोळी असलेल्या) काडतुसाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिली, कुणी नळी तपासली नाही, आणि पुढच्या दृश्यातल्या ब्लँकने ती बाहेर फेकली. ब्लँकनेच.

मुद्दा चौथा : ‘सेटवर तज्ज्ञ असतात.’ असतात की! 2021 मध्ये ‘रस्ट’ या सिनेमाच्या सेटवर ‘कोल्ड गन’, म्हणजे खरी गोळी नसलेली, असं सांगितलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स मरण पावली. हत्यारं सांभाळणारीला 18 महिन्यांची कैद झाली. आणि ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमवाले, जे दर भागात ‘घरी करून बघू नका’ म्हणून बजावायचे, त्यांनी 2011 मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांच्या मैदानावर तोफ डागली. गोळा नेम चुकून एका घराच्या दारातून शिरला, मागच्या भिंतीतून बाहेर पडला आणि पुढे एका उभ्या गाडीत जाऊन थांबला. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

हे सगळं लिहून पाठवल्यावर भाच्याचं उत्तर आलं, ‘मामा, आमच्या पिस्तुलाची नळी बंदच आहे.’ बरं. मग वायू वरच्या नाहीतर बाजूच्या भोकातून निघत असणार. कानशिलाला लावल्यावर ते भोक डोळ्यापासून किती बोटं लांब राहतं, एवढं मोजून सांग म्हटलं.

रात्री उशिरा फोन आला. आता पिस्तूल लाकडाचं, आवाज विंगेतून. दिग्दर्शकाची कुरकुर आहे, टायमिंग जमत नाही म्हणे. दोन तालमी जास्त घ्या.