टांकसाळीवर वाळणारी दुपटी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एक छायाचित्र आले. त्यात माझे क्रिप्टो मायनिंगचे, म्हणजे संगणकावर आभासी नाणी मिळवण्याचे, यंत्र आहे, यंत्रासमोर प्लास्टिकच्या दोऱ्या बांधलेल्या आहेत, दोऱ्यांवर फुलाफुलांची दुपटी आणि त्रिकोणी लंगोट वाळत आहेत, आणि खाली आमच्या सेक्रेटरींनी 'पावसाळ्यात ज्यांचे कपडे वाळत नाहीत त्यांनी तिसऱ्या मजल्यावर चौकशी करावी' असे लिहून हात जोडल्याचे चिन्ह टाकले आहे. त्यावर किती अंगठे उमटले हे मी मोजलेले नाही. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेला इतके उमटत नाहीत, एवढेच सांगतो. आज सकाळी पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ ओले बूट घेऊन दारात उभे राहिले आणि इस्त्रीचीही सोय आहे का, असे त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, तेव्हा काही गोष्टी लिहून स्पष्ट करणे मला भाग पडले.

यंत्र माझ्याकडे कसे आले ते थोडक्यात सांगतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली व्यवस्था बदलली आणि संगणकातली, मुळात चित्रे आणि खेळ दाखवण्यासाठी असलेली ग्राफिक्स कार्डे चालवून ते चलन मिळवण्याचा जगभरचा उद्योग एका दिवसात संपला. माझ्या भाच्याकडे तेव्हा अशी कार्डे होती. त्याच वर्षी मी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तिच्या ताटात ओवाळणी घातली, भाच्याच्या हातात दोन कार्डांचे पैसे ठेवले आणि टॉवेलात गुंडाळलेली ती कार्डे घेऊन लोकलने बदलापूरला परतलो. इथेरियम गेले तरी इतर नाणी आहेत, असे तो म्हणाला होता आणि ते खरेही आहे. रेव्हनकॉइन आहे, इथेरियम क्लासिक आहे, आणि ज्यांची नावे उच्चारताना शेजारी लहान मुले नसावीत अशीही काही आहेत.

आता शेजारच्या आजींकडे वळतो, कारण या प्रकरणाचे मूळ त्या आहेत. त्यांची नात बाळंतपणासाठी माहेरी आली, जून सरता सरता मुलगा झाला आणि त्यानंतर बदलापुरावर जो पाऊस धरला तो आठवडाभर हटला नाही. बदलापूरच्या पावसात कपडे वाळत नाहीत, ते फक्त वेगवेगळ्या प्रकारे ओले राहतात. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे, तिच्यावर टोपली पालथी घालून दुपटी वाळवत, पण तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत कोळशाची शेगडी पेटवायला सोसायटी परवानगी देत नाही. अशा अवस्थेत आजी एके दुपारी विरजण मागायला आमच्याकडे आल्या आणि आतल्या खोलीच्या दाराशी थबकल्या.

"ही खोली कोरडी कशी काय रे?" त्यांनी विचारले.

मी यंत्राकडे बोट दाखवले. आजींनी पुढे होऊन त्याच्या मागच्या बाजूला तळहात धरला, मग पालथा धरला, आणि म्हणाल्या, "चांगलं शेकतंय की! चोवीस तास चालतं?"

"चोवीस तास, आजी. पण ते शेकायचं यंत्र नाही. त्याच्यावर मी नाणी मिळवतो."

आजींनी यंत्राच्या खाली वाकून पाहिले. तिथे एक वर्तमानपत्राची घडी होती.

अशा वेळी विषय सोडून द्यावा, हे शहाणपण माझ्याकडे आहे. परंतु या यंत्राबद्दल आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारल्यावर मला राहवले नाही. मी त्यांना सांगितले की जगभर जे व्यवहार होतात त्यांच्या नोंदींचा एक गठ्ठा ठराविक वेळाने बंद करावा लागतो, तो बंद करण्यासाठी एक विशिष्ट आकडा सापडावा लागतो, आणि तो शोधण्याचे कोणतेही सूत्र नसल्यामुळे माझे यंत्र एकामागून एक आकडे लावून पाहते. ज्याचा आकडा जुळेल त्याला नवी नाणी मिळतात.

"किती आकडे लावतं?"

"सेकंदाला चार कोटी."

"म्हणजे मटकाच की," आजी म्हणाल्या. "आमचे धाकटे भावोजी लावायचे कल्याणचा. दुपारी ओपन, संध्याकाळी क्लोज."

"आजी, हा जुगार नाही. यात गणित आहे."

"भावोजीही तेच म्हणायचे. वहीत सगळं लिहून ठेवायचे. भिवंडीची जागा गेली त्यात." त्या क्षणभर थांबल्या. "पण त्यांना विजेचं बिल मात्र कधी आलं नाही."

मी म्हणालो की एकट्याचा आकडा लागणे अवघड असते, म्हणून आम्ही हजारो लोक एकत्र येतो, कोणाचाही लागला तरी ज्याने जितके काम केले त्या प्रमाणात मिळकत वाटून घेतो, आणि या व्यवस्थेला पूल म्हणतात.

"आणि भांडणं होत नाहीत?"

"नाही."

"ओळखीचे आहेत का सगळे?"

"नाही. कोणी ब्राझीलचा असेल, कोणी पोलंडचा."

"तरीच," आजी म्हणाल्या. "आमच्याकडे सख्ख्या भावांत एक आंब्याचं झाड वाटलं गेलं नाही. कोर्टात झाड वाळून गेलं." मग त्यांनी, ज्या प्रश्नासाठी मी मनातून तयार नव्हतो, तो अगदी सहज विचारला. "तुझ्या वाट्याला आले किती?"

मी सांगितले की रक्कम साठते आहे, एक किमान मर्यादा गाठली की ती पूलकडून माझ्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाण्यांच्या खात्यात, जमा होते. आजींनी आमच्या हिच्याकडे पाहिले, हिने आजींकडे पाहिले, आणि माझ्या उपस्थितीत माझ्याविषयी एक संपूर्ण संभाषण एकही शब्द न उच्चारता पार पडले. संध्याकाळी खोलीत दोऱ्या बांधल्या गेल्या. माझी परवानगी विचारण्यात आली होती असे ही म्हणते. त्या वेळी मी अंघोळीला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आजींनी कोरडी दुपटी उतरवून नेताना एका वाटीत दोन डिंकाचे लाडू ठेवले. त्यात खारीक होती, गोडंबी होती, सुके खोबरे सढळ हाताने घातलेले होते. लाडू फोडताना माझ्या मनात नको तो हिशेब सुरू झाला. माझे यंत्र भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ३०० वॅट वीज ओढते, म्हणजे दिवसाला ७.२ युनिट आणि महिन्याला २१६ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे असा की बिल उघडण्यापूर्वी माणसाने बसून घ्यावे. घरातले दिवे, फ्रिज आणि पंखे खालचे स्वस्त टप्पे आधीच खाऊन टाकत असल्यामुळे यंत्राच्या वाट्याला वरचे टप्पे येतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १५ रुपये मानले, तर दिवसाला १०८ रुपये झाले. यंत्र मिळवून देते दिवसाला पंचवीसेक रुपये, तेही बाजाराची तब्येत बरी असेल तर. डिंकाचा लाडू दुकानात काय भावाने मिळतो हे वाचकांना ठाऊक आहे. दोन लाडवांनी माझ्या दोन ग्राफिक्स कार्डांना सरळ सरळ मागे टाकले होते.

या क्षेत्रात खाद्यपदार्थांची परंपरा थोर आहे. मे २०१० मध्ये फ्लोरिडातल्या लास्लो हॅन्येच या गृहस्थाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले, आणि ग्राफिक्स कार्डावर नाणी मिळवण्याची युक्ती सुरुवातीला ज्यांनी लोकांपुढे आणली त्यांत हाच गृहस्थ होता. तेव्हा दर गठ्ठ्याला ५० बिटकॉइन मिळत आणि कोणाच्याही घरचा संगणक त्या शर्यतीत धावू शकत असे. दर चार वर्षांच्या सुमारास ते बक्षीस निम्मे होत जाते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. स्पर्धक वाढले की आकडा शोधण्याचे कोडेही आपोआप अवघड होते, आणि बिटकॉइनपुरते बोलायचे तर हे काम आता केवळ त्यासाठीच घडवलेल्या यंत्रांच्या गोदामांत चालते. ही गोदामे जिथे वीज स्वस्त तिथे जातात. २०२१ साली चीनने बंदी घालेपर्यंत तिथले लोक पावसाळ्यात आपली यंत्रे सिचुआन प्रांतात नेत, कारण पावसाने नद्या फुगल्या की जलविद्युत जवळजवळ उतू जात असे. भूतानमध्ये तर सरकारी कंपनीच जलविद्युतीवर बिटकॉइन मिळवते. आमच्याकडेही पाऊस पडतो, बारवी धरण भरून वाहते आणि त्याचे फोटो गटावर येतात. त्यामुळे माझे एक युनिटही स्वस्त झाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आणि करांचे काय, हे तर आजींना सांगण्याची माझी हिंमतच झाली नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशी नाणी विकून होणाऱ्या मिळकतीवर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. तोट्याची वजावट नाही; एका नाण्यात बुडालेले पैसे दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वळते करता येत नाहीत. संपादनाचा खर्च तेवढा वजा होतो, परंतु मायनिंगच्या यंत्रसामग्रीवरील खर्च हा संपादनाचा खर्च नव्हे, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. पिठाच्या गिरणीवाल्याला गिरणीचे वीजबिल उत्पन्नातून वजा करता येते, कारण त्याच्याकडून पीठ निघते. माझ्याकडून काहीच निघत नाही, असे शासनाचे मत दिसते, पण जे काही निघत नाही त्याचे ३० टक्के मात्र हवे आहेत. हे मी विनोदाने लिहायला घेतले होते. लिहिताना विनोद कुठे गेला ते समजले नाही. कायदा या नाण्यांना आभासी डिजिटल मालमत्ता म्हणतो आणि लाडू त्या व्याख्येत बसत नाहीत, हीच काय ती दिलाशाची बाब.

घरच्या घरी असे चार पैसे मिळवणे परवडते का, असे मला हल्ली बरेच जण विचारतात, विशेषतः दुपटी उतरवायला आलेले. माझे उत्तर तयार आहे: ज्याचे वीजबिल दुसरा कोणी भरतो त्याला परवडते. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला परवडते, रेक्टरला उष्णता जाणवेपर्यंत. छतावर सौर पॅनेल असलेल्याला थोडेफार परवडल्यासारखे वाटते, पण ती जास्तीची वीज नेट मीटरमधून बिलात वळती करून घेण्यात त्याचा अधिक फायदा असतो. बाकी, नाणे पुढे कधीतरी दसपट होईल या आशेवर तोटा सोसणाऱ्याने ते नाणे बाजारात विकत घ्यावे. तेवढ्याच पैशांत जास्त मिळते आणि पंख्याचा आवाज होत नाही. हे सगळे मला ठाऊक आहे, आणि लोकांनी ते पुन्हा हसतमुखाने समजावून सांगितले की फार संताप येतो.

गेल्या आठवड्यात एक दुपटे रात्री दोरीवरून घसरून थेट कार्डांच्या पंख्यांवर पडले. यंत्र तापले आणि स्वतःच बंद झाले, आणि मी कामावर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंदच राहिले. माझे पंचवीस रुपये बुडाले आणि १०८ रुपयांची वीज वाचली; म्हणजे भाऊबीजेपासून आजवर या उद्योगाला नफा झालेला तो एकमेव दिवस. आता कायमचे बंदच ठेवावे, असा विचार करत मी पायातले बूट काढत होतो, तेवढ्यात आजी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आल्या.

"आज बंद का ठेवलंस रे? दोन दुपटी अजून दमट आहेत. बाळाला सर्दी होईल."

तोट्याचा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बारकाईने वाचला, बेरीज बोटांवर पुन्हा करून पाहिली, आणि कागद परत देत म्हणाल्या, "बरोबर आहे. पण तू आधीपासून तोट्यातच होतास ना? मग आता निदान दुपटी तरी वाळतायत."

या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेले नाही. फिनलंडमध्ये २०२४ साली एका बड्या मायनिंग कंपनीने आपल्या यंत्रांची उष्णता पाण्यावाटे लोकांच्या घरांना ऊब देण्यासाठी वापरायला सुरुवात केली, तेव्हा जगभर तिचे कौतुक झाले. तेच काम बदलापुरात झाले की गटावर हात जोडल्याचे चिन्ह येते. आमची ही म्हणते की त्याऐवजी कपडे वाळवायचे यंत्रच घेतले असते तर वॉरंटी तरी मिळाली असती. मी यंत्र पुन्हा सुरू केले आहे. दुसऱ्या नातीचे दिवस कार्तिकात भरतात आणि तेव्हा थंडीही असेल, म्हणून अशी आणखी एक-दोन कार्डे मिळतील का, अशी चौकशी आजींनी माझ्याकडे केली, त्याला मी ठाम नकार दिला. त्यांनी हिच्याकडून भाच्याचा नंबर घेतला आहे, आणि तो जी किंमत सांगतो आहे तीवरून त्या सध्या त्याला खाली आणत आहेत.