"सेम इंजिन आहे, डोळे झाकून बसवा"

जुनं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन विकताना हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाला एकदा गाडीखाली उताणं झोपवून ते "सेम" इंजिन स्वतः बसवायला लावलं पाहिजे. मग कळेल.

सेम म्हणजे काय सेम? ब्लॉकवर कोरलेला कोड? तो कोड म्हणजे नुसतं आडनाव. तेच इंजिन दोन मॉडेलांत येतं, तेव्हा एकाचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, पुढे खोल असतं, दुसऱ्याचं मागे. इंजिन खाली सोडलं की चेंबर क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीच्या आडव्या दांड्यावर, टेकतं आणि फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांची, भोकं दोन बोटं वर राहतात. मग चेंबर बदला. तेही एकटं बदलून भागत नाही. स्ट्रेनर (तेल ओढणारी जाळी), त्याचा पाइप, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी), तिची नळी, सगळं एकाच गाडीचं हवं. स्ट्रेनरच्या पाइपाची ओ-रिंग जुनीच ठेवली की पंप तेलासोबत हवा ओढतो, प्रेशर पडतं, बेअरिंगं झिजतात. आणि नाव कुणाचं? "जुना मालच खराब निघाला."

तरी जो पार्ट बसतच नाही, तो निदान प्रामाणिक म्हणायचा. डोकं फिरवतात ते बसणारे चुकीचे पार्ट.

फोर्डचं 302 इंजिन घ्या. त्याच्या फ्लायव्हीलवर (मागच्या जड चाकावर) आणि पुढच्या बॅलन्सरवर मुद्दाम एका बाजूला जास्त वजन ठेवलेलं असतं. आधीच्या इंजिनांचं बॅलन्स 28 औंस-इंचाचं, 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून 50चं. फ्लायव्हीलची भोकं तंतोतंत जुळतात, बोल्ट गुमान आवळले जातात, आणि गाडी सुरू झाली की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. पुढचा बॅलन्सरही त्याच वजनाचा लागतो, हे कुणी सांगत नाही. लोक फाउंडेशनचे रबर बदलत बसतात!

ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन मॅन्युअलला लावताय? आधी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकात टॉर्च मारून बघा. काही क्रँकना पायलट बेअरिंगचं (मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या बेअरिंगचं) भोक पुरतं मशीनच केलेलं नसतं. हे दोन मिनिटांत दिसतं, पण बघायचं कधी, तर म्हणे गिअरबॉक्स अडल्यावर.

इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचंही तेच. कपलर खटकन बसतो, म्हणून काम झालं? मल्टिमीटर लावा. 12 ते 16 ओहम आला तर हाय इम्पिडन्स (जास्त रोध), 2-3 आला तर लो. हायसाठी बनलेल्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, लो इंजेक्टर थेट जोडले की त्याच्या आतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं. मधे रोध टाकणारी रेझिस्टर पॅक नावाची वस्तू उगाच बनवली का?

क्रँक किती फिरला ते दात मोजून सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचं तर विचारूच नका. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यात जुन्या इंजिनांच्या क्रँकवर 24 दातांचं चाक, नंतरच्यांवर 58 दातांचं. 24 मोजणारा ईसीएम 58 दात मोजू शकत नाही, मग बसा सेल्फ मारत. ते चाक क्रँकवर प्रेस केलेलं असतं, म्हणजे बदलायला अख्खा क्रँक बाहेर. सिग्नल बदलून देणारी डबी मिळते, पण ती आधी माहीत असली तर.

आणि वायरिंग! इंजिन गाडीतून काढताना हार्नेस (वायरांचा जुडगा) कटरने कापणाऱ्यांचे हात कुठल्या मातीचे असतात? कपलरपासून बोटभर वायर सोडायची आणि बाकी भंगारात. त्या बोटभर तुकड्याचा रंग धुरकट, पट्टी पुसलेली. त्यावर पन्नास-साठ जोड मारायचे, त्यातला एक सैल राहतो, आणि गाडी फक्त गरम झाल्यावर बंद पडते. शोधा आता. कपलर क्लिप दाबून सुटतो हो, पाच सेकंदांचं काम आहे.

एवढ्यावरही "इंजिन घ्या, ईसीएम तुमचाच चालेल" हे असतंच. इम्मोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं यंत्र, चावीशी, ईसीएमशी जोडलेला असतो. थ्रॉटल केबलवरचा की इलेक्ट्रॉनिक, त्यावर पेडलही बदलतं. डिझेलला प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. तेव्हा इंजिनाबरोबर न कापलेला हार्नेस, ईसीएम, इम्मोबिलायझर, चावी, थ्रॉटल, पेडल हे सगळं द्यायला तयार नसेल त्याने "सेम" हा शब्द तोंडातून काढू नये. लोखंड विकतोय म्हणावं, लोखंडाच्या भावात द्यावं.