सापडली का पल्सर?

बिलावर तीन ओळी होत्या. फॅन साफ करणे, २००. पेस्ट बदलणे, १५०. व्हायरस काढणे, ३५०.

“व्हायरस? कसला व्हायरस?”

“लई डेंजर होता सर,” दुकानातला पोरगा म्हणाला. आवाजात नाग पकडून बरणीत घातल्याचा अभिमान. “अख्खा प्रोसेसर खात होता. तुमच्या मशीनवर कुणीतरी गुपचूप बिटकॉइन काढत होतं. मुळासकट उपटला.”

तो नाग मी पाळलेला होता.

थोडक्यात सांगतो. घरचा कॉम्प्युटर दिवसातले अठरा-वीस तास नुसता बसून असतो. बॉइंक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम टाकला की हा रिकामा वेळ संशोधकांना देता येतो. मोठ्या गणिताचा एक छोटा तुकडा इंटरनेटवरून येतो, आपलं मशीन तो सोडवतं, उत्तर परत पाठवतं आणि पुढचा तुकडा मागून घेतं. मी हे १९९९ पासून करतोय. तेव्हा बॉइंक नव्हतं, बर्कलीच्या विद्यापीठाचं ‘सेटी ॲट होम’ होतं. प्वेर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ सिग्नल चाळायचे आणि त्यात परग्रहावरून कुणी हाक मारतंय का ते बघायचं. एक तुकडा साधारण साडेतीनशे केबीचा. आज तेवढ्यात ‘शुभ सकाळ’चा गुलाबही धड मावत नाही, पण तेव्हाच्या मोडेमला तो उतरवताना धाप लागायची आणि तोवर घरचा फोन एंगेज. एकदा आत्याला दोन तास फोन लागला नाही, तर ती घाबरून रिक्षा करून घरी आली. कारण कळल्यावर म्हणाली, “परग्रहावरच्यांची चौकशी चालू दे. सख्खी आत्या इथे पेठेत मेली तरी चालेल.” हे वाक्य ती पुढे प्रत्येक लग्नकार्यात म्हणत राहिली.

एकवीस वर्षं ऐकलं. कुणी हाक मारली नाही. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवे तुकडे वाटणं थांबवलं. आपल्याकडे तो टाळेबंदीचा पहिला आठवडा. कामवाल्या मावशी बंद, पेपर बंद, एलियनही बंद. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीणच कोसळली. मी मनाला फार लावून घेतलं आणि ‘आइनस्टाइन ॲट होम’कडे वळलो. तिथे पल्सर शोधतात.

हा शब्द त्या दुकानात मोठ्याने उच्चारायला नको होता.

“अरे बाबा, व्हायरस नव्हता तो,” मी पोराला सांगत होतो. “मी पल्सर शोधत होतो. चार वर्षं शोधतोय. तू सगळं पुसून टाकलंस!”

“कधी गेली?”

आवाज कोपऱ्यातल्या स्टुलावरून आला. सत्तरीपुढचे एक काका. अंगात हातविणीचा स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पासबुक. नोव्हेंबर असल्यामुळे पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आले होते आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नव्हतं. तीनदा नापास झाले होते. चौथ्या खेपेसाठी ते अंगठा पँटीवर घासत बसले होते. म्हणजे आपण जिवंत आहोत असं यंत्राला पटेपर्यंत त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

“काय कधी गेली?”

“पल्सर हो. दीडशे की दोनशेवीस?”

“नाही नाही काका, गाडी नाही. पल्सर म्हणजे तारा असतो.”

मागे झेरॉक्सचं मशीन खडखडत होतं. काकांनी मान हलवली. “तारा कापूनच नेतात. लॉक तोडायचं, दोन तारा जोडायच्या, की झाली चालू. माझ्या भाच्याची तशीच नेली.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याला पंचवीस वर्षांत घरातल्या कुणी या विषयावर एक प्रश्न विचारलेला नाही, त्याला समोर श्रोता दिसला की तो भान सोडतो. मी सांगायला लागलो. म्हटलं, मोठा तारा मेला की त्याचा गाभा आक्रसून वीसेक किलोमीटरचा गोळा होतो आणि तो स्वतःभोवती गरागरा फिरत राहतो. “आमच्या प्रकल्पात २०१० ला सापडलेली एक पल्सर सेकंदाला एक्केचाळीस वेळा फिरते!”

“एवढी रेस केल्यावर पिस्टन जाणारच,” काका म्हणाले. “तरुण पोरांच्या हातात द्यायचीच नाही. म्हणजे ती सापडली म्हणा. कुठे सापडली?”

“अमेरिकेत, आयोवातल्या एका नवराबायकोच्या घरच्या कॉम्प्युटरवर. आणि जर्मनीत एकाच्या.”

“जर्मनी!” काकांनी पोराकडे पाहिलं. “ऐकतोयस ना? कंटेनरमधून जातात. आमच्या भाच्याची तळेगावपर्यंतच गेली होती, तीही पार्ट-पार्ट होऊन. किती चाललेली होती?”

“सतरा हजार—” मी प्रकाशवर्षं म्हणणार होतो.

“मग नवीच की हो!” काका कळवळले.

मग मी जवळचं उदाहरण द्यायची चूक केली. म्हटलं, लांब कशाला, आपल्या नारायणगावजवळ खोडदला केवढी मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तीस तबकड्या, एकेक ४५ मीटरची. तिथेही पल्सरचा शोध चालतो.

“नारायणगाव,” काका डोळे बारीक करून म्हणाले. “टोमॅटोचं मार्केट. बरोबर. पहाटेच्या त्या पिकअपच्या गर्दीत एक बाइक सहज खपते. आणि तीस-तीस तबकड्या लावूनही हाती लागत नाही म्हणता? आतला माणूस फितूर आहे. लिहून ठेवा.”

मी शरण गेलो. आरसी बुक आहे का? नाही. तक्रार दिली? नाही. विमा? नाही. माझ्या एकेका ‘नाही’बरोबर काकांच्या डोळ्यांतली करुणा वाढत गेली. शेवटी त्यांनी पासबुकाच्या मागच्या पानावर माझा नंबर उतरवून घेतला आणि त्याच्यापुढे ‘पल्सर’ असं लिहिलं. “माझं रोज सकाळी चालणं असतं,” ते म्हणाले. “डोळे उघडे ठेवतो.” तेवढ्यात पोराने त्यांना बोलावलं. अंगठा टेकला. यंत्राने या वेळी मानला.

“झालो!” असं म्हणून काका बाहेर पडले.

पोराशी माझं भांडण राहिलं होतं. मी म्हटलं, व्हायरस नव्हताच, तर साडेतीनशे कसले? तो म्हणाला, “पण सर, काढला तर खरा ना?” या युक्तिवादावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. पैसे दिले. वर त्याने एक अँटीव्हायरस भेट म्हणून टाकून दिला होता. तो रोज संध्याकाळी सातला उठतो, दीड तास सगळं मशीन हुंगत बसतो आणि शेवटी मी धोक्यात आहे असं सांगून वर्गणी मागतो. रिकामा वेळ आता तिकडे जातो. त्याला मात्र कुणी व्हायरस म्हणत नाही.

खरं दुखणं साडेतीनशे रुपयांचं नाहीच. (आहे. पण तेवढंच नाही.) दुखणं असं, की आपल्याकडे एखादी गोष्ट कुणी पैशांशिवाय करत असेल तर लोकांना दोनच शक्यता दिसतात. एक तर तो येडा आहे, नाहीतर त्याला कुणीतरी फसवतंय. “तुम्हाला काय मिळतं?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याच्या भुवया वर जाताना दिसल्या तरी पुढचं ऐकू येतं. मिळतं ना, क्रेडिट मिळतं. सेकंदाला शंभर कोटी हिशेब करणारा कॉम्प्युटर दिवसभर राबला की दोनशे क्रेडिट. माझ्या नावावर काही लाख आहेत आणि त्यात अर्धा कटिंगसुद्धा येत नाही. याच प्रकल्पात गुरुत्वीय लहरींचाही शोध चालतो, लायगो या वेधशाळेच्या डेटातून, आणि लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. हे मी एकदा मोठ्या उमाळ्याने साडूंना सांगितलं. त्यांनी प्रथमच माझ्या छंदात रस घेतला. म्हणाले, “त्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवावा का?”

आमच्या इमारतीत गणपतीत लावलेली दिव्यांची माळ अजून लुकलुकतेय. लिफ्टमधला टीव्ही बारा महिने चोवीस तास एका फ्लॅटची जाहिरात लिफ्टच्या भिंतीला दाखवत असतो. त्यांना कुणी विचारत नाही, तुम्हाला काय मिळतं.

आता प्रामाणिकपणाच करायचा तर ‘रिकामा वेळ फुकट असतो’ हीही थापच. कामाला जुंपलेलं मशीन शंभर वॅट खातं असं धरलं तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला बहात्तर. हा हिशेब मी घरात कधी मोठ्याने केलेला नाही. इथे करतोय, कारण माझं लिहिलेलं घरात कुणी वाचत नाही.

शिवाय त्या पोराने नुसतं माझं नाही पुसलं. हे संशोधक एका मशीनवर विश्वास ठेवत नाहीत. तोच तुकडा निदान दोघांना देतात आणि उत्तरं जुळली तरच क्रेडिट. माझ्या एका तुकड्याचा जोडीदार जर्मनीतला होता. त्याने आपलं काम चोख करून दिलं आणि वाट बघत बसला. त्याच्या नावापुढे ‘पेंडिंग’ आणि माझ्या नावापुढे मुदत टळल्यावर ‘नो रिस्पॉन्स’. त्याला काय वाटलं असेल? भारतातला एक माणूस, काम अर्धवट टाकून पळाला. त्याला कळवायची सोय होती, पण कळवणार काय? ‘क्षमस्व, आमच्याकडे साफसफाई होती’?

साफसफाईवरून आठवलं. १७ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत मिसूरीतल्या एका विद्यापीठातल्या कॉम्प्युटरने असंच फावल्या वेळात तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. २ कोटी २३ लाख अंकांची. शोधून बिचाऱ्याने वर कळवलंही. पण ते माणसांच्या नजरेला पडलंच नाही. जानेवारी २०१६ मध्ये देखभालीचं काम करताना कुणाला तरी दिसलं. चार महिने ते मशीन हातात एवढं मोठं घबाड घेऊन उभं होतं. मला त्याची फार दया येते. पण निदान तिथला पोरगा बरा होता. साफ करताना त्याने बघितलं तरी. माझ्या अर्ध्या तुकड्यात काय होतं, देव जाणे. बहुतेक काहीच नसणार. बहुतेक तुकड्यांत काहीच नसतं. तो तुकडा तिसऱ्याच कुणाला तरी दिला गेला, उत्तरं जुळली, जर्मन माणसाला क्रेडिट मिळालं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

बॉइंक मी पुन्हा टाकलंय. अँटीव्हायरस त्याला रोज पकडतो, मी रोज सोडवतो.

परवा सकाळी पावणेसातला फोन वाजला.

“पल्सर का?”

“अं... हो. मीच.”

“काका बोलतोय. हयातीवाला. वारजे पुलाखाली एक उभी आहे. काळी. नंबरप्लेट काढलेली. चार दिवस रोज बघतोय. व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय, बघा आणि सांगा. मी इथेच थांबतो.”

मी फोटो उघडला. सीट फाटलेली, आरशांच्या जागी नुसते दांडे, पुढच्या चाकाला टेकून एक कुत्रं झोपलेलं. काकांनी चार बाजूंनी चार फोटो काढले होते. एकात त्यांची स्वतःची सावली आणि कापडी पिशवी आली होती. मी चारही फोटो मोठे करून बघितले. काका फोन कानाला लावून पुलाखाली उभे होते. ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

“नाही काका,” मी म्हटलं. “ही ती नाही. ही फिरत नाही.”

“बरं बरं. इंजिन बसलेलं दिसतंय खरं. असू दे, उद्या कात्रजच्या बाजूला जाऊन येतो.”