काउंटर नंबर एक

नेट बँकिंगनं सगळ्यात जास्त सोय कुणाची केली असेल तर बँकेची. पूर्वी काउंटरपलीकडे जो माणूस बसायचा त्याला पगार मिळायचा, गणपतीची सुट्टी मिळायची आणि गिऱ्हाईक फारच चढ्या आवाजात बोलायला लागलं तर मॅनेजर मध्ये पडायचे. ते काम आता मी करतो. पुण्यात, घरी, बहुतेक वेळा बनियनवर. माझ्या शाखेत खातेदार एकच : आत्या. राहते वाईला. निवृत्त शिक्षिका, विषय गणित. खातं तिचं, पेन्शन तिची, मोबाइलही तिचा. माझ्याकडे फक्त लॉगिन आणि बोलणी खाणं.

पासवर्ड काय ठेवायचा, असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "श्रीराम." बँकेनं कळवलं, पासवर्ड कमकुवत आहे. ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. त्यावर तिनं ज्या आवाजात "कोण म्हणतं?" असं विचारलं, त्या आवाजानं वाईतल्या कित्येक पिढ्यांचे पाढे पाठ झाले असतील. शेवटी पहिलं अक्षर मोठं, मध्ये ॲट द रेट आणि पुढे एकशे आठ, असा तह झाला. पण पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदलावा लागतो आणि जुना परत चालत नाही. त्यामुळे सध्या आम्ही एकशे तेरावर आहोत. जप वाढतोय म्हणून तिची तक्रार नाही.

खरी परीक्षा ओटीपीची. तो येतो आत्याच्या बटणांच्या फोनवर, आणि फोन असतो माडीवरच्या खिडकीत, कारण रेंज तिथेच येते. आत्या असते खाली. ओटीपीला आयुष्य मोजक्या मिनिटांचं. तेवढ्यात तिनं जिना चढायचा, चष्मा शोधायचा, आणि मी फोन लावायचा. मध्यंतरी तर फोन लावला की आधी सायबर भामट्यांपासून सावध राहा, अशी लांबलचक सूचना वाजायची. ओटीपी चोरीला जाऊ नये म्हणून केलेला तो उपदेश ऐकता ऐकताच ओटीपी मरायला टेकायचा.

फोन उचलला म्हणजे काम झालं असंही नाही. आत्या पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. डिजिटल अरेस्ट तिला माहीत आहे, कॉम्प्युटरनं काढलेले नकली आवाजही माहीत आहेत.

"आत्या, मी बोलतोय. ओटीपी सांग."

"आवाज काय, कुणीही काढतं आता. माझ्या आईचं माहेर कुठलं?"

"बावधन."

"तिथल्या विहिरीत कोण पडलं होतं?"

"बाबा."

"कितवीत असताना?"

इथवर येईपर्यंत ओटीपी संपलेला असतो. मग दुसरा मागवायचा. सुरक्षेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं आत्याचा सल्ला घ्यायला हरकत नाही.

दुसरा येतो. आत्या वाचते, "पाच लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे त्र्याहत्तर." मी बोटांवर मोजत आकडे भरतो, तेवढ्यात पलीकडून दबक्या आवाजात, "एवढे गेले का रे?" गेले नाहीत, तो नुसता नंबर आहे, हे तिला पटतं, पण मग लाखात कशाला पाठवतात, हे पटत नाही. त्याहून कठीण म्हणजे शून्यानं सुरू होणारा ओटीपी. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे तिनं आयुष्यभर शिकवलं आहे, त्यामुळे ती तो वाचतच नाही. मला पाचच आकडे मिळतात आणि बँक सहावा मागत बसते.

पैसे प्रत्यक्ष पाठवणं त्यामानानं सोपं. समजा, चुलत नातीच्या हॉस्टेलची फी भरायची आहे. आधी एक रुपया जातो. "पोचला का विचार," अशी आज्ञा होते. पोचला, असं हॉस्टेलच्या ऑफिसातून कळलं की उरलेली रक्कम, एक रुपया वजा करून. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या दोन पद्धती, वापरताना समोरच्या खातेदाराचं नाव आधीच दाखवायची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, हेही तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाव दिसतं रे, माणूस कुठे दिसतो?"

एक मात्र सांगायलाच हवं. पूर्वी मला एक मोठा आधार होता : बँक बंद व्हायची. संध्याकाळनंतर, रविवारी, सणावारी, "आत्या, आता उद्याच" एवढं म्हटलं की सुटका. १६ डिसेंबर २०१९ ला एनईएफटी चोवीस तास सुरू झाली आणि तो आधार गेला. पुढच्याच डिसेंबरात आरटीजीएसही अहोरात्र झालं. पण त्यातून किमान दोन लाख पाठवावे लागतात, त्यामुळे त्या बाजूनं आमच्या घराण्याला धोका नाही.

आणि घरबसल्या बँक ही काही इंटरनेटची करामत नव्हे. पिग्मी आठवा, म्हणजे रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे जमा करून नेणारी बचत. पुढे जी सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली तिनं १९२८ साली उडुपीकडे ही योजना काढली, आणि आपल्याकडे पतसंस्थांनी ती पेठापेठांत नेली. आत्याकडे पिग्मीवाले रोज दिवेलागणीला यायचे, पैसे घ्यायचे, नोंद करायचे, चहा प्यायचे आणि "बाई, या महिन्यात काढू नका, दिवाळी तोंडावर आहे" असं सांगून जायचे. आपण यंत्र नसून माणूस आहोत, हे त्यांना कधी सिद्ध करून द्यावं लागलं नाही. कॅप्चा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती वाकडीतिकडी अक्षरं आत्यानं चष्मा वर-खाली करून न्याहाळली आणि म्हणाली, "कुणी काढलंय हे? पालकांना बोलावून घ्या."

एवढं सगळं ऑनलाइन करूनही पासबुक भरायला ती बँकेत जातेच. मोबाइलवरचा आकडा म्हणजे ऐकीव माहिती. छापून आला की खरा. परवा तिथल्या मुलीनं तिला प्रेमानं सांगितलं, "आजी, कशाला एवढ्या उन्हात येता? घरातल्या कुणाला तरी सांगा, सगळं मोबाइलवर होतं."

"आहे ना एक, पुण्याला," आत्या म्हणाली. "पण काम फार सावकाश. दुपारी तर फोनच उचलत नाही."

त्या मुलीला माझी दया आली असावी. निदान ओळखीचं काहीतरी वाटलं असावं. रात्री आत्याचा फोन आला. "तुझी जेवणाची सुट्टी किती ते किती, ते एकदा सांगून ठेव," म्हणाली. "इथे कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवते. म्हणजे तुलाही त्रास नको आणि मलाही ताटकळायला नको."