चोर सोडून कर्नलला सुळी

खानापुरात माझ्या भाच्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सोमवारी सकाळी दारात उताऱ्यासाठी माणसं उभी आणि ह्याचा फोन: "मामा, मशीन उठंना झालंय. कर्नल पॅनिक म्हणतंय बघा." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि पॅनिक म्हणजे त्यानं पुढं चालायला दिलेला नकार. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेला 'लिनक्स दुप्पट वेगवान करा' हा पाच मुद्द्यांचा मेसेज त्यानं शब्दशः पाळला होता. मेसेजचा रोख असा, की नवी लायब्ररी चालते की बिघडते ते कर्नलवर ठरतं. तोच मेसेज दुपारपर्यंत बेळगावच्या दोन ग्रुपांवरून माझ्याकडेही आला. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

आधी चौथा मुद्दा, कारण नुकसान त्यानंच झालं: 'लिंकवरची व्ही३ जीलिबसी डाउनलोड करून जुन्या फाईलवर कॉपी करा.' अरे, जीलिबसी म्हणजे काय वॉलपेपर आहे? ती लिनक्सच्या प्रोग्रामांची सामायिक, पायाची लायब्ररी. एलएस, सीपी (कॉपी करणारी), सुडो, असल्या सगळ्या कमांड तिच्याच जिवावर चालतात. ती बिघडली की जुनी फाईल परत ठेवायला सीपीसुद्धा हाताशी राहत नाही. त्यात भाच्याचं मशीन कोअर टू ड्युओ, म्हणजे इंटेलचा जुना प्रोसेसर. व्ही३ ही नव्या प्रोसेसरांसाठीची पातळी. तिला एव्हीएक्स२, एफएमए असल्या प्रोसेसरच्या सूचना लागतात, त्या इंटेलमध्ये आल्या २०१३च्या हॅसवेल पिढीपासून, आणि त्या पिढीच्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये तेव्हाही नव्हत्या. कोअर टू ड्युओ तर व्ही२ या खालच्या पातळीतही बसत नाही. त्यात एसएसई ४.२ या सूचना नाहीत. न कळणारी सूचना आली की प्रोसेसर हात वर करतो: इल्लीगल इन्स्ट्रक्शन, सिग्नल ४. त्यात इनिट, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्राम, मेला, आणि इनिट मेला की कर्नलला पॅनिकशिवाय दुसरा मार्गच नसतो. पडद्यावरच्या एक्झिटकोडच्या शेवटी तो ४ स्वच्छ दिसत होता. पण ओळीत नाव कर्नलचं, त्यामुळे पोराला वाटलं मेसेज खराच आहे. त्यानं ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या मेनूतून, जुना कर्नलही निवडून पाहिला. पुन्हा तेच. दोष कर्नलचा असता तर तिथंच सुटायला हवं होतं ना?

पहिला मुद्दा: 'प्रोसेसरसाठी ऑप्टिमाइझ केलेली लायब्ररी आणि कर्नल यांची व्हर्जन जुळलीच पाहिजे.' भाच्याकडं उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती आहे. त्यात जीलिबसी २.३५, आणि त्याच एका लायब्ररीवर ५.१५ पासून ६.८ पर्यंतचे कर्नल उबुंटूनं स्वतः दिलेत. आणखी पुरावा हवा तर टर्मिनलमध्ये बिन फोल्डरमधल्या एलएसवर 'फाईल' ही कमांड चालवा. उत्तरात 'फॉर जीएनयू/लिनक्स ३.२.०' असं येतं. म्हणजे कर्नल किमान एवढा हवा, वर कितीही चालेल. ३.२ आला जानेवारी २०१२ मध्ये. त्याहून जुन्या कर्नलवर 'कर्नल टू ओल्ड' म्हणून प्रोग्राम थांबतो, एवढं त्या मुद्द्यातलं खरं.

दुसरा, 'कर्नल अपडेट केला की अशी लायब्ररी बंद पडते', हा त्याचाच भाऊ. कर्नल बदलल्यानं चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा तर लिनक्सच्या जनकाचा, टॉरवाल्ड्सचा, सगळ्यात कडक नियम.

तिसऱ्यात, एव्हीएक्सला कर्नलची साथ लागते यात, मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. एव्हीएक्सचे रुंद रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना कर्नललाच जपून ठेवावे लागतात. पण ही सोय कर्नल २.६.३० मध्ये, म्हणजे २००९ सालीच झाली. शिवाय कर्नलनं ती चालू केली आहे का, हे जीलिबसी स्वतः तपासते.

राहिला पाचवा, वेग दुप्पट. मेमरी कॉपी करणं, स्ट्रिंग मोजणं अशा कामांसाठी साध्या जीलिबसीतच पाच-सहा प्रकारचे कोड असतात आणि प्रोसेसर बघून त्यातला योग्य तो चालू होतानाच निवडला जातो. दुप्पट करायला उरलंय काय? इतर लायब्ऱ्यांच्या व्ही३ आवृत्त्यांसाठीही जीलिबसी २.३३ पासून 'जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स' नावाचं वेगळं फोल्डर आहे. प्रोसेसर तेवढा नसला की लोडर, म्हणजे लायब्ररी शोधून जोडणारा प्रोग्राम, तिकडं वळतच नाही, मूळ फाईल घेतो. म्हणजे फाईलवर फाईल चढवायची गरजच कुणाला नव्हती.

ज्यांनी चढवली आहे त्यांनी कर्नलला हात लावू नये. पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह चालवा, आतली डिस्क माउंट करा आणि त्याच आवृत्तीच्या मूळ पॅकेजमधली जीलिबसी जागेवर ठेवा. आम्हाला दुपारचे अडीच वाजले. तोवर उताऱ्याची माणसं समोरच्या दुकानात गेली होती.